डावी बाजू

माडांगच्या इस्पितळातली ही जुनी नोंदबुकं,
समुद्राच्या ओलीनं पानं एकमेकांना चिकटलेली.
डॉक्टर सियुने म्हणाले, रुफिना, ओढू नकोस, वाफ दे,
किटली आहे.
म्हणून गेले चार महिने मी चहा न करता
नुसतं पाणी उकळते आहे.

अभ्यासाचा विषय साधा: मार लागून
पानथरी फाटलेले किती,
किती जणांची काढली, किती जणांची ठेवली,
ठेवलेल्यांतले किती जगले.
इथे हिवतापानं पानथरी फुगते,
मुलांची तर बेंबीपर्यंत उतरते,
पिकल्या पपईसारखी, बोट टेकलं तरी दबणारी.
फाटली तरी शक्यतो काढायची नाही,
पुढच्या आजारांशी तीच भांडणार असते.
मग करायचं काय? बघत बसायचं.
तासातासाला नाडी, पोटाभोवती शिंप्याची टेप,
पापणी खाली खेचून लाली.
आणि नातेवाइकांना सांगायचं
की काही न करणं हाही उपचार आहे.
हे सांगायला छाती लागते.

लॉरीच्या मागच्या फळीवरून: बावन्न.
झोपलेल्याच्या अंगावर नारळ पडून: एकोणीस.
सुपारीच्या झाडावरून: बारा, बहुतेक पोरं.
होडीची कड लागून: सात.
घराच्या जिन्यावरून पडून: एकतीस.
एकतीसही बायका.

आकडा दोनदा मोजला.
मग अक्षर पाहिलं.
त्यातल्या नऊ नोंदी माझ्याच हातच्या,
सुवाच्य, रेघेवर, घाईचा मागमूस नाही.

पाठपुराव्याला गावोगाव जायचं होतंच.
बोगियाच्या वाटेवर नोंद क्रमांक दोनशे सहा,
उर्सुला, घराखालच्या सावलीत रताळी सोलत होती.
आठवी, नववी, दहावी फासळी जुळून आलेली,
बोटाला लागतात गाठी,
दोरी तुटल्यावर मारतो तशा.
दुखतं अजून?
खोकताना.
मी टेप काढली. पोट मोजलं नाही, जिना मोजला.
तीन पायऱ्या. खाली मऊ वाळू.
ती बघत होती मी काय मोजते ते.
वर, घरात, एक पुरुष खाकरला
आणि तिनं साल एका लांब फितीत सोलत नेली,
न तोडता.
सगळं पोटात घालणं म्हणतात ते हे;
नोंदीत लिहिलंय, दीड लिटर.

पानथरी डावीकडेच असते, रुफिना,
डॉक्टर म्हणाले, फासळ्याही मग डाव्याच मोडणार.
यात शोध कसला?
मी त्यांच्यासमोर उभी राहिले.
म्हटलं, उजवा हात उचला. मूठ.
त्यांनी उचलला.
तो सरळ माझ्या डाव्या कुशीकडे आला
आणि हवेतच थांबला.
त्याच्याकडे ते असे बघत राहिले
जणू कुणी तो त्यांच्या टेबलावर विसरून गेलंय.
मग खिशात घातला.
तक्त्यात आणखी एक रकाना बसेल का बघ, म्हणाले,
अरुंद चालेल.

अरुंदच बसला. वरचं नाव अजून ठरत नाही.
'मारहाण' लिहिलं तर पुढे विचारावं लागेल,
विचारलं तर ती म्हणेल, पडले,
आणि घरी जायचं तिला आहे, मला नाही.

आज नवव्या खाटेवर एक आहे. काराक बेटावरची.
पाचवा दिवस. हे दिवस वाईट,
गोठून बसलेलं रक्त याच सुमाराला सुटतं.
उशाशी नवरा, शहाळ्याचं पाणी
चमच्या-चमच्यानं पाजतोय,
हनुवटीवर ओघळलेला थेंब अंगठ्यानं टिपतोय.
उजव्या.
'कारण' या शब्दापुढे बोटभर जागा असते.
ती मी कोरी ठेवली आहे.
तो पाणी आणायला नळावर जाईल तेव्हा
खाटेच्या कडेवर बसेन, काही न विचारता.
नाडी ब्याण्णव.
तासाभरानं पुन्हा.